राज्यकारभाराचा विद्यार्थी : डॉ. भीमराव आंबेडकर (१८९१–१९५६)

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव उच्चारताच घटनेचा मसुदा, महाडचे तळे, नाशिकचे मंदिर आणि नागपूरची दीक्षाभूमी या चार गोष्टी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. यांत गैर काही नाही. तथापि या चार चित्रांच्या मागे एक पाचवे चित्र आहे, आणि ते सहसा कोणी टांगत नाही. न्यू यॉर्क व लंडन येथील ग्रंथालयांत, उणीपुरी पाच-सहा वर्षे, हिंदुस्थान सरकारच्या जुन्या अहवालांत, जमाखर्चांत व खलित्यांत डोके खुपसून बसलेल्या एका तरुण विद्यार्थ्याचे ते चित्र होय. चांगदेव खैरमोडे यांचे बहुखंडी मराठी चरित्र आणि धनंजय कीर यांचे चरित्र या दोहोंत त्या काळाची हकीकत आहे. पदव्यांची नावे आहेत, साले आहेत, उपासमारीचे व अपार वाचनाचे वर्णन आहे. परंतु त्या पदव्या ज्या प्रबंधांवर मिळाल्या त्यांच्या आत काय आहे, याकडे मराठी वाचकाचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. प्रबंध इंग्रजीत, विषय रूक्ष, आणि लेखकाचे उत्तरायुष्य इतके धगधगते, की वाचकाने त्या पानांना वळसा घालावा हे स्वाभाविकच होते. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र या एका धाग्याने सांगण्याचा विचार आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षकाचे काम करीत. महार समाजातील या कुटुंबाने गावकी सोडून पलटणीचा रस्ता धरला होता, याला आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष अर्थ आहे. राज्यकारभाराची उतरंड सांगताना आपण व्हाइसरॉयपासून आरंभ करतो आणि पाटील-कुलकर्ण्यांपाशी थांबतो. पण त्यांच्याही खाली एक पायरी होती. वतनदार महार हा सरकारचाच चाकर होता. साऱ्याची रक्कम कचेरीत पोचती करणे, गावच्या शिवेची साक्ष देणे, फिरतीवरील अंमलदारांचे सामान वाहणे, निरोप घेऊन रात्री-अपरात्री दुसऱ्या गावी धावणे, ही सारी कामे त्याची. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते. सरकारच्या प्रत्येक खात्याचा तो नोकर होता आणि कोणत्याच खात्याच्या पगारपत्रकावर त्याचे नाव नव्हते. ज्या मुलाने पुढे साम्राज्य सरकार व प्रांतिक सरकारे यांच्यातील पैशाचे व्यवहार तपासले, तो या शेवटच्या पायरीवरच्या समाजातून आला होता. हे ध्यानी घेतल्यावाचून त्याच्या प्रबंधांतील शेवटच्या प्रकरणांचा रोख कळत नाही.

निवृत्तीनंतर रामजी सुभेदार कोरेगाव येथे रोखपालाचे काम करीत होते. दुष्काळग्रस्तांना रोजगार मिळावा म्हणून मुंबई सरकारने तेथे तलावाचे काम काढले होते. वडिलांना भेटण्यासाठी निघालेल्या भीमरावांना व त्यांच्या भावंडांना मसूर स्टेशनपासून पुढे गाडीवान मिळेना आणि वाटेत पाणीही मिळेना, हा प्रसंग त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. तो प्रसिद्ध आहे, म्हणून विस्तार करीत नाही. एवढेच नोंदवावेसे वाटते की दुष्काळी काम काढणारे सरकार आणि त्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्या नोकराच्या मुलांना पाणी नाकारणारा समाज, ही दोन्ही एकाच रस्त्यावर त्यांना एकाच दिवशी भेटली.

साताऱ्याहून कुटुंब मुंबईस आले. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक, पुढे एल्फिन्स्टन कॉलेज, आणि त्या शिक्षणाच्या मध्यास कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या खटपटीने मिळालेले सयाजीराव गायकवाडांचे साहाय्य हा भाग परिचित आहे. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. त्याच वर्षी बडोदे सरकारने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. जूनमध्ये करारपत्रावर सही झाली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, ही अट. पुरोगामी संस्थानिकास परत मिळावयाचा होता तो शिकलेला कारभारी. आणि शिष्याने जे विषय घेतले तेही कारभाऱ्यास साजेसेच होते.

जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यू यॉर्कला पोचले व कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. तेथील तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद झालेली आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानवशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, आणि शिवाय फ्रेंच व जर्मन यांची तोंडओळख. ही यादी हावरेपणाची वाटेल, आणि ती तशी होतीच. पण तिच्यात दिशाहीनता नाही. तिचा कणा सार्वजनिक वित्त हा आहे. त्या विषयाचे त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन. प्राप्तिकरावरील सेलिग्मन यांचा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला होता, आणि ज्या वर्षी आंबेडकर अमेरिकेत उतरले त्याच १९१३ साली सोळाव्या घटनादुरुस्तीने तेथील संघसरकारास प्राप्तिकर बसविण्याचा अधिकार मिळाला; वर्षअखेर फेडरल रिझर्व्हचा कायदाही झाला. संघसरकार कोणते कर घेईल, घटकराज्ये कोणते, नगरपालिकांनी कशावर जगावे, हे प्रश्न त्या देशात तेव्हा केवळ वर्गातले नव्हते, वृत्तपत्रांतले होते. नगरकारभाराच्या सुधारणेची चळवळ न्यू यॉर्कात जोरात होती. प्रशासनाचा कायदा हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून ज्यांनी रुजविला त्या फ्रँक गुडनाऊ यांचे अध्यापनही याच विद्यापीठातले. लोकप्रशासन या नावाची शाखा आपल्याकडील विद्यापीठांत अजून स्वप्नातही नव्हती, तेव्हा तिच्या जन्मस्थानी एक मराठी विद्यार्थी बसलेला होता.

एम.ए. साठी १९१५ साली त्यांनी जो निबंध सादर केला त्याचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व तिचे वित्त. निबंध लहान आहे. त्याची बांधणी विद्यार्थ्याची आहे. प्रथम भागधारकांची सभा, मग संचालकांचे मंडळ, मग लंडनचे नियंत्रक मंडळ, अशी सत्तेची चौकट तो मांडतो, आणि नंतर जमीनमहसूल, मीठ, अफू अशा उत्पन्नाच्या बाबींकडे वळतो. पण मध्येच या कोरड्या हिशेबाला धार येते. कंपनीने युद्धे केली, त्यांचे कर्ज झाले, आणि १८५८ साली राज्य राणीकडे गेले तेव्हा ते कर्ज हिंदुस्थानच्या माथी बसले. ज्यांना जिंकले त्यांनीच जिंकण्याचा खर्च द्यावा, या व्यवहारातील अन्याय तो विद्यार्थी आकड्यांनिशी दाखवितो. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांच्या परंपरेतलेच हे लेखन. मात्र आंबेडकरांचा भर संपत्तीच्या ओघापेक्षा संस्थांच्या रचनेवर अधिक आहे. कोणाला विचारण्याचा अधिकार होता आणि कोणी कोणास जाब देत नव्हते, हे ते आधी पाहतात.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवरचा निबंध वाचला. तो सर्वांना ठाऊक आहे. प्रांतिक वित्ताची टिपणे आणि जातीच्या उत्पत्तीचा निबंध एकाच टेबलावर लिहिले जात होते, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही.

त्याच उन्हाळ्यात ते लंडनला गेले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि कायद्यासाठी ग्रेज इन, अशी दुहेरी नावनोंदणी झाली. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये परतावे लागले. युद्धाचे दिवस होते. वेगळ्या जहाजाने पाठविलेले सामान व पुस्तके पाणतीराने बुडविलेल्या त्या जहाजाबरोबर समुद्रात गेली. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. पुढे अर्थखात्याची धुरा सोपवावी असा महाराजांचा विचार होता आणि तूर्त लष्करी सचिवाचे पद होते. पण शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी सरायीत त्यांनी नाव बदलून काही दिवस काढले. तेथेही लाठ्या घेतलेली माणसे येऊन उभी राहिली. दिवसभर बागेत बसून त्यांनी विचार केला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. राज्यकारभाराचा इतका कसून अभ्यास केलेला दुसरा मनुष्य त्या काळी संस्थानांत क्वचितच असेल. त्याला कारभार करावयास पद होते, निजावयास खोली नव्हती. महाराजांचा हुकूम दरबारात चालत होता, सरायीपर्यंत पोचत नव्हता. वरच्या पातळीवरील सत्तेची मर्यादा कोठे असते याचा हा धडा कोलंबियात मिळण्यासारखा नव्हता.

१९१८ च्या नोव्हेंबरपासून सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्राचे अध्यापन केले, १९१९ साली साउथबरो समितीपुढे मताधिकाराविषयी साक्ष दिली, १९२० च्या जानेवारीत शाहू महाराजांच्या साहाय्याने मूकनायक काढले, आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन गाठले. या वेळी शिष्यवृत्ती नव्हती. साठविलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज एवढ्यावर तीन वर्षे काढावयाची होती. १९२१ साली साम्राज्याच्या वित्ताचे प्रांतिक विकेंद्रीकरण या विषयावर एम.एस्सी. झाली. डी.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न. त्याच्या मांडणीवर परीक्षकांनी हरकत घेतली, आंबेडकरांना मुंबईस परतून तो पुन्हा लिहावा लागला, आणि १९२३ च्या अखेरीस एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह तो ग्रंथरूपाने निघाला. याच ग्रंथाच्या आणि १९२५ साली चलन आयोगापुढे दिलेल्या साक्षीच्या आधारावर रिझर्व्ह बँक आंबेडकरांनी स्थापन केली असे म्हणण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याने त्यांचा गौरव होत नाही. ग्रंथ न वाचण्यास एक सबब मात्र मिळते.

आपल्या विषयाचा मुख्य ग्रंथ म्हणजे १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने छापलेला, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासाचा इतिहास. कोलंबियाच्या पीएच.डी.चा हा प्रबंध. तो सयाजीराव गायकवाडांस अर्पण केलेला आहे. ज्यांच्या राजधानीत आसरा मिळाला नाही त्यांच्याविषयीची कृतज्ञता आंबेडकरांनी कधी लपविली नाही. प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे, आणि या विषयाचा इतका तपशीलवार अभ्यास आपल्या पाहण्यात नाही अशा आशयाची ग्वाही तीत आहे.

ग्रंथाचा आरंभ १८३३ च्या सनदी कायद्यापासून होतो. त्या कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांचे कायदे करण्याचे अधिकार काढून घेतले आणि कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलास सर्व हिंदुस्थानच्या तिजोरीचा धनी केले. इलाख्यांनी वसूल करावा, कलकत्त्याने तो आपला म्हणावा, आणि पुन्हा इलाख्यांनीच तो खर्चावा, अशी ही विलक्षण व्यवस्था. एक नवी जागा निर्माण करावयाची तरी वरून मंजुरी हवी. याचा परिणाम काटकसरीत व्हावयास हवा होता, झाला उलटा. जो वाचवील त्याला वाचविलेले मिळणार नाही, आणि जो अधिक ओरडेल त्याला अधिक मिळेल, असे एकदा ठरल्यावर कोणताही शहाणा गव्हर्नर वाचवील कशाला? मागणी करणारा एक, मंजूर करणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसराच, या तिघांच्या मधल्या फटीतून तूट कशी वाढत गेली हे आंबेडकरांनी साल-दरसाल दाखविले आहे. १८५७ च्या उठावानंतरच्या कर्जाने ही व्यवस्था मोडकळीस आली. १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी पहिला अर्थसंकल्प मांडला, प्राप्तिकर बसविला. तरी रोग वरच्या मलमाने बरा होण्यातला नव्हता.

तेव्हा दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, प्रांतांस त्यांचे उत्पन्न व खर्च तोडून द्यावेत, म्हणजे संघराज्यासारखी व्यवस्था करावी. दुसऱ्याचे म्हणणे, तसे केल्यास साम्राज्याची मुळे ढिली होतील. लॉर्ड मेयो यांनी १८७० च्या डिसेंबरात जो ठराव केला तो या दोहोंमधील तडजोड होता. तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यक, नोंदणी, छपाई, रस्ते, सरकारी इमारती अशी काही खाती प्रांतांकडे आली व त्यांसाठी ठरावीक रक्कम मिळू लागली. १८७७ पासून रकमेऐवजी काही उत्पन्ने तोडून दिली गेली. १८८२ पासून जमीनमहसूल, मुद्रांक, अबकारी, जंगल यांसारखी उत्पन्ने वाटून घेण्याची पद्धत आली व दर पाच वर्षांनी तिचा फेरविचार होऊ लागला. १९०४ मध्ये या तडजोडींना जवळजवळ कायम व १९१२ मध्ये कायम स्वरूप आले. येथवरचा इतिहास कोणी परिश्रमी कारकूनही लिहू शकला असता. आंबेडकरांचे वेगळेपण त्यानंतर दिसते.

त्यांनी एक साधा पण अडचणीचा प्रश्न विचारला. ज्याला प्रांतिक वित्त म्हणतात ते खरोखर प्रांतांचे आहे काय? प्रांतांस स्वतःच्या अधिकाराने कर बसविता येत नव्हता, कर्ज काढता येत नव्हते, शिल्लक मनाप्रमाणे वापरता येत नव्हती, आपले अंदाजपत्रक आपणच अंतिम करता येत नव्हते. प्रांतांच्या नावावर जी खाती दिसत होती ती कायद्याने मध्यवर्ती सरकारचीच होती. प्रांत हे त्यांचे व्यवस्थापक. तेव्हा हे सारे एका कुटुंबातील घरखर्चाच्या डब्यांसारखे होते. डबे वेगळे, कमाई आणि मालकी एकाची. संघराज्य आणि एककेंद्री राज्य यांत फरक पैशाच्या रकमेचा नसतो, हक्काच्या उगमाचा असतो. वरच्याने उसना दिलेला अधिकार हा कितीही मोठा असला तरी उसनाच, कारण तो परत घेता येतो. हा निष्कर्ष वाचकाने लक्षात ठेवावा. तेवीस-चोवीस वर्षांनी तो पुन्हा भेटणार आहे.

ग्रंथाचा शेवटचा भाग १९१९ च्या कायद्याविषयी आहे. त्या कायद्याने वाटून घ्यावयाची उत्पन्ने बंद केली, प्रांतांना स्वतःच्या बाबी दिल्या, आणि मध्यवर्ती सरकारची तूट भरण्यासाठी मेस्टन समितीच्या शिफारशीने प्रांतांवर एकंदर ९८३ लक्ष रुपयांची वर्गणी बसविली. वित्ताच्या या रचनेपेक्षा आंबेडकरांचा खरा आक्षेप द्विदल राज्यपद्धतीवर होता. अर्धी खाती लोकांस जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे, अर्धी तसे कोणतेच उत्तरदायित्व नसलेल्या अंमलदारांकडे, आणि पैसा मात्र दुसऱ्यांच्या हाती. अशा सरकारात कोणी कोणाच्या चुकीस जबाबदार धरावयाचा? कार्यकारी मंडळ अखंड व एकजिनसी असल्याशिवाय ते जबाबदार होऊ शकत नाही, असा त्यांचा निर्णय आहे. आणि याच ठिकाणी वित्ताच्या ग्रंथात समाज अचानक शिरतो. परकीय नोकरशाहीने रस्ते, कालवे, टपाल व न्यायालये दिली हे मान्य करून ते म्हणतात की जातिभेद, विवाहाचे व वारशाचे नियम यांना हात लावण्याचे धैर्य तिला झाले नाही आणि होणारही नव्हते. तसेच मळेवाल्यांसारख्या सबळांवर कर बसविण्याचेही नाही. ज्या सरकारला लोकांच्या जीवनात मुळे नाहीत ते शांतता राखू शकते, सुधारणा करू शकत नाही. मराठीत आगरकर आणि टिळक यांच्यात जो वाद आधी सामाजिक की आधी राजकीय या स्वरूपात गाजला, त्याचे एक तिसरेच उत्तर या पानांत आहे, आणि ते वित्तशास्त्राच्या भाषेत असल्यामुळे त्या वादाच्या इतिहासकारांच्या नजरेतून निसटले.

छापील प्रती विद्यापीठात दाखल झाल्यावर ८ जून १९२७ रोजी पीएच.डी.ची पदवी रीतसर मिळाली. त्या वर्षाच्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झालेला होता, एप्रिलमध्ये बहिष्कृत भारत निघाले होते, आणि आंबेडकर मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सभासद झाले होते.

विधिमंडळात त्यांनी आपल्या विद्येचा उपयोग जेथे केला ती जागा पाहण्यासारखी आहे. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. बलुत्याचे रूपांतर नक्त रकमेत करावे, ती सरकारने वसूल करून द्यावी, कामे ठरवून द्यावीत, आणि ज्या महारास वतन नको असेल त्यास जमिनीवर पूर्ण आकार भरून मोकळे होऊ द्यावे, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे ज्याने व्हाइसरॉयच्या तिजोरीचा अभ्यास केला त्याने सरकारच्या सर्वांत शेवटच्या नोकराचा पगार मागितला. तर्क तोच होता : काम एकाचे, मोबदला देणारा दुसरा, आणि जबाबदारी कोणाचीच नाही, ही रचना टिकता कामा नये. विधेयक निवड समितीकडे गेले, विरोध झाला, सरकारचेही पाठबळ मिळेना. अखेर ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. तेव्हा आंबेडकर हयात नव्हते.

सायमन आयोगासाठी नेमलेल्या मुंबई इलाख्याच्या समितीतील बहुमताशी न जुळल्यामुळे १९२९ च्या मे महिन्यात त्यांनी स्वतंत्र अहवाल दिला. प्रांतात संपूर्ण जबाबदार सरकार असावे असे त्यात होते. त्याबरोबरच सिंध व कर्नाटक इलाख्यापासून तोडण्यास विरोधही होता. १९३२ साली ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा त्यांनी ते जसेच्या तसे स्वीकारण्यास नकार दिला. प्रौढ मताधिकार असला तरी अस्पृश्य हे प्रत्येक गावात अल्पसंख्यच राहणार, म्हणून त्यांस राखीव प्रतिनिधित्व हवे. आणि निवडून आलेल्या पंचांच्या हाती न्यायदान देऊ नये. ज्याने दिल्लीच्या विरुद्ध प्रांताची बाजू घेतली त्यानेच प्रांताच्या विरुद्ध गावाची बाजू घेण्याचे नाकारले, म्हणून काही टीकाकारांस येथे विसंगती दिसते. प्रस्तुत लेखकास ती दिसत नाही. सत्ता लोकांच्या जवळ न्यावी हे त्यांना मान्य होते. पण जवळ म्हणजे कोणाच्या जवळ, हे विचारल्याशिवाय ते पुढे जात नसत. पंचायतींत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा घटनेने बंधनकारक केल्या त्या १९९२ च्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने. मधे साठ वर्षे गेली होती.

१९३९ च्या जानेवारीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची चिरफाड केली. निवडून आलेले प्रांत आणि राजांनी नेमलेल्या प्रतिनिधींची संस्थाने एकत्र जुंपणारी ती गाडी स्वातंत्र्याकडे जाणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे आले, आणि पुस्तकातला प्रश्न नदीच्या रूपाने समोर उभा राहिला. पाणी हा प्रांतांचा विषय. दामोदर तेव्हाच्या बिहारात उगम पावत होती आणि बंगालात पूर आणत होती. १९४५ च्या आरंभी कलकत्त्यास दोन्ही प्रांत व मध्यवर्ती सरकार यांच्या परिषदेत त्यांनी खोरे हेच नियोजनाचे एकक मानावे आणि एक संयुक्त अधिकारी मंडळ असावे असा आग्रह धरला. त्याच वर्षी ओरिसाच्या नद्यांविषयी कटक येथे परिषद झाली. दामोदर खोरे निगमाचा कायदा १९४८ साली झाला, त्या वेळी ते खाते त्यांच्याकडे नव्हते. चरित्रकारांनी या चार वर्षांना दिलेली जागा फार थोडी आहे.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधान सभेने मसुदा समिती नेमली व आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी दुहेरी राज्यव्यवस्था, एकच नागरिकत्व, एकसंध न्यायसंस्था आणि आणीबाणीत एककेंद्री होऊ शकणारे संघराज्य यांचे जे विवरण केले ते घटनेच्या अभ्यासकांस पाठ आहे. गाव हे घटनेचे एकक न करता व्यक्ती हे केले याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले, आणि खेड्यांविषयी त्यांनी वापरलेले कठोर शब्द सभेत अनेकांस झोंबले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत के. संतानम यांनी ग्रामपंचायतींचे मार्गदर्शक तत्त्व सुचविले ते मात्र त्यांनी चर्चा न वाढविता स्वीकारले. तेच आजचे चाळिसावे कलम. वतनाच्या अनुभवातून आलेले मत आणि सभेचा कल यांत त्यांनी दुसऱ्यास वाट दिली. मत बदलले नव्हते.

केंद्र अतिबलवान झाले हा आक्षेप वारंवार आला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यास उत्तर देताना त्यांनी जो निकष लावला तो १९२५ च्या ग्रंथातलाच आहे. राज्यांचे कायदे करण्याचे व अंमलबजावणीचे अधिकार केंद्राच्या एखाद्या कायद्याने दिलेले नाहीत, घटनेनेच दिलेले आहेत; त्यांसाठी राज्ये केंद्राची मिंधी नाहीत. मेयोच्या ठरावाने प्रांतांस जे मिळाले ते दुसऱ्या ठरावाने जाऊ शकत होते. १९५० नंतर राज्यांस जे मिळाले ते तसे जाऊ शकत नाही. केंद्र बलवान असावे हे त्यांनी १९४६ च्या डिसेंबरातच सभेत सांगितले होते. म्हणून विकेंद्रीकरणाचा अभ्यासक पुढे केंद्रवादी झाला असे म्हणणे उथळ ठरते. अधिकार किती, हा त्यांच्या दृष्टीने सोयीचा प्रश्न होता. अधिकार कोणाच्या कृपेवर अवलंबून, हा तत्त्वाचा. दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याचे २८० वे कलम पाहताना १८८२ च्या पंचवार्षिक तडजोडींची आठवण अभ्यासकास होईलच. ते कलम एकट्या आंबेडकरांचे नव्हे. नलिनीरंजन सरकार यांच्या तज्ज्ञ समितीने तशी शिफारस केली होती. परंतु फेरवाटणी करणारा वाटेकरी नसावा, तटस्थ असावा, यामागील कारण त्या सभेत आंबेडकरांइतके जुन्या कागदांतून वाचलेले सभासद फारसे नसावेत. महालेखापरीक्षकाचे पद त्यांनी घटनेतील सर्वांत महत्त्वाच्या पदांत गणिले, तेही याच वाचनातून.

भाषिक राज्यांच्या प्रश्नावर मात्र त्यांचे मत खरोखरच बदलले, आणि त्यांनी ते लपविले नाही. १९४८ साली दार आयोगापुढे त्यांनी मुंबईसह महाराष्ट्राची बाजू मांडली होती. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानंतर लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी एका भाषेची अनेक राज्ये चालतील असे म्हटले, उत्तर प्रदेशाचे तीन व बिहार आणि मध्य प्रदेश यांचे प्रत्येकी दोन भाग सुचविले, आणि मराठी प्रदेशाची मुंबई शहर धरून चार राज्ये कल्पिली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या दिवसांत हे लिहावयास धैर्य लागत होते. मोठ्या राज्यांच्या बोज्याखाली संघराज्य एका बाजूस कलेल आणि मोठ्या राज्यांत लहान जाती चिरडल्या जातील, ही त्यांची भीती होती. मराठी समीक्षकांनी या पुस्तिकेस बराच काळ अडचणीची वस्तू म्हणून बाजूस ठेविले. तिच्यातील मुंबईविषयीची सूचना प्रस्तुत लेखकासही पटत नाही. पण राज्याच्या आकारमानाचा प्रश्न भाषेच्या प्रश्नापासून वेगळा काढणारे त्या काळचे दुसरे इतके स्पष्ट लेखन मराठी माणसाच्या हातून झालेले नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत आंबेडकरांचे निधन झाले. कंपनीच्या कारभारावरील त्यांचा १९१५ चा विद्यार्थिदशेतील निबंध, प्रांतिक वित्ताचा ग्रंथ आणि रुपयाचा प्रश्न ही तिन्ही लेखने महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील सहाव्या खंडात १९८९ साली एकत्र छापली गेली.